स्वच्छ ऊर्जेच्या नोकऱ्या वाढतील, पण आपल्या वाट्याला किती?

काही दिवसांपूर्वी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर दहा-बारा तरुण-तरुणींबरोबर गप्पा मारत बसले होते. बहुतेक जण आसपासच्या गावांतल्या बौद्धवाड्यांमधले, शहरात शिकायला नाहीतर कामाला आलेले. दोघे आयटीआय झालेले वायरमन, एक मुलगी बी.कॉम. करून मोबाईलच्या दुकानात, एक जण नुकताच मुंबईहून नोकरी सोडून परतलेला. बोलता बोलता घरावरच्या सोलर पॅनेलचा विषय निघाला. मी सहज विचारले, "कोळशाची वीज जाऊन सगळी वीज सूर्य-वाऱ्यापासून यायला लागली, तर देशात नोकऱ्या वाढतील की कमी होतील?" आठ जणांनी 'वाढतील' म्हणून हात वर केले. मग विचारले, "त्यातली एखादी तुम्हाला मिळेल असे वाटते का?" या वेळी दोनच हात वर आले, तेही अर्धवट.

आठ आणि दोन यांच्यातला हा फरक समजून घ्यावा असे वाटले, म्हणून हा लेख.

देशपातळीवरची मतेही अशीच दुहेरी आहेत. अमेरिकेतले येल विद्यापीठ आणि आपल्याकडची सी-व्होटर ही संस्था मिळून भारतीयांना हवामान बदलाबद्दल काय वाटते याची फोनवरून पाहणी करतात. तापमानवाढ रोखण्यासाठी पावले उचलली तर अर्थव्यवस्था वाढेल आणि नवे रोजगार येतील, असे या पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोक सांगतात. २०२२ च्या पाहणीत कोळशाकडून सौर-पवन ऊर्जेकडे जाण्याबद्दल थेट विचारले, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी बेकारी वाढेल आणि वीज महागेल, अशीही भीती सांगितली. नव्या ऊर्जेतल्या कामांसाठी सरकारने प्रशिक्षण द्यावे, याला तर फार मोठा पाठिंबा होता.

यावर काही अभ्यासक लगेच म्हणतात की लोकांचा गोंधळ आहे, जागृती कमी आहे. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने एखादा वीज प्रकल्प आपल्या तालुक्यात येताना पाहिला आहे, त्याच्या डोक्यात ही दोन्ही मते एकत्र राहू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. याचा पुरावा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याइतका क्वचितच दुसरीकडे सापडेल.

एका जिल्ह्यात तीन प्रकल्प

पहिला कोयनेचा. धरण सातारा जिल्ह्यात, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली येते आणि वीज तयार होते ती चिपळूण तालुक्यात, पोफळी आणि कोळकेवाडीच्या परिसरात. एकूण क्षमता १९६० मेगावॅट. धूर नाही, राख नाही. आजच्या व्याख्येत ही स्वच्छ ऊर्जाच. शिवसागर जलाशयात शेकडो वर्षांची गावे बुडाली. उठलेल्या कुटुंबांतल्या अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत येऊन पोचला. एक गोष्ट मात्र वेगळी होती. प्रकल्प सरकारी होता. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या नोकऱ्या कायम होत्या, पेन्शनच्या नसल्या तरी फंड-ग्रॅच्युइटीच्या होत्या, आणि तिथे आरक्षण होते. आपल्या समाजात मंडळात लागलेला लाईनमन किंवा ऑपरेटर हे एकेकाळी घर वर काढणारे माणूस असायचे. त्याच्या एका पगारावर भावंडे शिकली, गावचे घर कौलाचे झाले. ही उदाहरणे प्रत्येकाने आपल्याच नात्यात शोधावीत, सापडतील.

दुसरा प्रकल्प गुहागर तालुक्यातला, एन्रॉनचा. नैसर्गिक वायूवरची वीज कोळशापेक्षा स्वच्छ, असे तेव्हा सांगितले जायचे. १९९२ मध्ये बोलणी, १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार, १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर करार रद्द, पुढच्या वर्षी नव्या अटींवर पुन्हा तोच प्रकल्प. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. बांधकामाच्या काळात हजारो हातांना काम होते. डंपर आले, भाड्याच्या खोल्या आल्या, खानावळी निघाल्या. २००१ मध्ये वीज महाग पडते म्हणून मंडळाने ती घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोर झाली. खानावळी बंद झाल्या, डंपरचे हप्ते राहिले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो प्रकल्प पुन्हा उभा केला, पण कर्ज काढून गाडी घेतलेल्या तरुणाला चार वर्षे थांबता येत नाही.

तिसरा राजापूर तालुक्यातला, जैतापूरचा. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरिलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन अणुऊर्जेसाठी संपादित झाली. सरकारी कागदावर यातली बरीचशी जमीन पडीक. ज्या कातळावर गुरे चरतात, गवत कापले जाते, पावसात नाचणी-भात होतो, त्याला महसूल खाते पडीक किंवा पोटखराब म्हणते. २०१० च्या मे महिन्यात जनसुनावणी झाली. २०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली आणि एप्रिलमध्ये नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. नंतर भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली. अणुभट्ट्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. या प्रकल्पाबद्दल फ्रेंच कंपनीने २०२१ मध्ये दिलेला रोजगाराचा अंदाज मात्र बघण्यासारखा आहे: बांधकामाच्या काळात सुमारे २५ हजार, कायमस्वरूपी सुमारे २७००. म्हणजे नऊ जणांना काम लागले तर त्यातल्या आठ जणांनी बांधकाम संपल्यावर परत जायचे. कायम राहणाऱ्यांत इंजिनिअर आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ जास्त असणार हे उघड आहे.

मांडवीच्या जेटीवर वर न आलेल्या हातांमागे हा इतिहास आहे. त्या मुलांना एन्रॉनची तारीख माहीत नसेल, पण काकांचा डंपर माहीत आहे.

'नोकरी' हा शब्द कसा मोजतात

सौरऊर्जेच्या रोजगाराचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तिथे नोकरी म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येते ती नोकरी नव्हे. एका माणसाचे वर्षभराचे काम म्हणजे एक रोजगार, असे ते माप आहे. सहा माणसांनी दोन-दोन महिने पॅनेल बसवली तरी तो एकच रोजगार. दिल्लीची सीईईडब्ल्यू ही अभ्यास संस्था आणि तिच्या सहकारी संस्थेने केलेल्या हिशेबानुसार जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पात एका मेगावॅटमागे सुमारे ३.४५, पवनऊर्जेत १.२७, तर घरांच्या छपरांवर बसवायच्या सौर पॅनेलमध्ये तब्बल २४.७२ रोजगार तयार होतात. म्हणजे छपरावरचा एक मेगावॅट हा माळावरच्या एका मेगावॅटपेक्षा सातपट हातांना काम देतो. कारण साधे आहे. तीन-तीन किलोवॅटची सव्वातीनशे छपरे करायची तर प्रत्येक घरी जाऊन माप घ्या, सांगाडा चढवा, वायरिंग करा, मीटर बदला, पुढे तक्रार आली की पुन्हा जा. माळावर एकदा कुंपण घातले की गवत कापणारा, पॅनेल पुसणारा आणि रखवालदार एवढेच उरतात. एवढ्या मोठ्या जागेवर गावातल्या तीन-चार मुलांना दरवाजावर वॉचमन म्हणून उभे केले की 'स्थानिकांना रोजगार दिला' असे सांगता येते.

म्हणून 'स्वच्छ ऊर्जा रोजगार देते का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणती, कुठे आणि कोणाच्या मालकीची, हे विचारावे लागते.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

मालकीचा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते हे आपण सगळे सांगतो. कामाचे तास, मजुरांच्या सवलती यांचा उल्लेख जयंतीच्या भाषणात होतोच. त्यांच्याच खात्याकडे तेव्हा देशाच्या वीज धोरणाचे काम होते, हे मात्र कमी सांगितले जाते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि त्याशिवाय या देशातल्या गरिबीला उतारा नाही. दोन, वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हे ठरवले पाहिजे. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय पातळीवर वीज नियोजनासाठी तांत्रिक मंडळ आले, १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने राज्यांची विद्युत मंडळे उभी करण्याचा रस्ता खुला झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी स्पष्टच लिहिले.

आता आजचे चित्र बघा. औष्णिक वीज केंद्रे आणि कोळसा खाणी बऱ्याच प्रमाणात सरकारी कंपन्यांकडे आहेत. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे ही केंद्रे महानिर्मितीची. विदर्भातल्या खाणी कोल इंडियाच्या. तिथे भरतीत आरक्षण आहे, आणि नागपूर-चंद्रपूरच्या आपल्या कितीतरी घरांचा संसार त्यावर उभा राहिला. सौर आणि पवनऊर्जेतली नवी क्षमता मुख्यतः खाजगी कंपन्या उभी करत आहेत, आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. म्हणजे एका बाजूने ज्या क्षेत्रात घटनात्मक हक्काने शिरता येत होते ते आकसणार, दुसऱ्या बाजूने जिथे ओळख, भांडवल आणि ठेकेदाराची मेहेरबानी लागते ते वाढणार. देशातल्या एकूण नोकऱ्यांची बेरीज वाढली तरी त्यातला हक्काचा भाग घटू शकतो. रोजगाराच्या कोणत्याही अंदाजात हा रकाना मला दिसलेला नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सरकारी नोकऱ्या कमी होण्याचे खापर सूर्यावर फोडता येणार नाही. कोल इंडियात वीस वर्षांपूर्वी पाच लाखांच्या आसपास कर्मचारी होते, आज अडीच लाखांच्या आत आहेत, आणि कोळशाचे उत्पादन या काळात वाढलेच आहे. यंत्रे आणि ठेकेदारी यांनी ती घट केली. विद्युत मंडळाचे २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हा राज्यात सौरऊर्जा नावापुरतीच होती. कोळशाच्या राखेत राहणारी, दमा घेऊन जगणारी वस्तीही बहुतेक वेळा आपलीच असते. त्यामुळे 'कोळसा वाचवा' ही आपली घोषणा असू शकत नाही. सरकारी कंपनी सौरवीज करू शकत नाही असेही नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीनेच १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभा केला आहे. असे प्रकल्प किती आणि का थोडे, हा विचारायचा प्रश्न आहे.

सातबारा नसलेल्याचे नुकसान

जमिनीच्या बाजूने पाहिले तर अडचण आणखी खोल आहे. जमीन संपादनाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळते. कोकणात आपल्या लोकांची नावे सातबाऱ्यावर उशिरा आली, कमी आली आणि पुष्कळ ठिकाणी आलीच नाहीत. याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडले, कायदा प्रत्यक्षात यायला १९४९ उजाडले. कुळ म्हणून कसणाऱ्यांना काही मिळाले. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्याला, कातळावर गुरे चारणाऱ्याला काय मिळणार? मच्छीमारांची गोष्टही हीच आहे. समुद्राचा सातबारा नसतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने यात मोठी सुधारणा केली. संपादनाआधी तीन वर्षे ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर, जंगलावर किंवा पाण्यावर अवलंबून होती, ते शेतमजूर, कुळे, मच्छीमार हेही 'बाधित कुटुंब' ठरतात. जैतापूरचे संपादन त्याआधीच, १८९४ च्या जुन्या कायद्याने झाले. मग नव्या सौर प्रकल्पांत तरी हा हक्क मिळेल ना? इथेच मेख आहे. सौर प्रकल्पांसाठी जमीन बहुधा संपादित करत नाहीत, भाड्याने घेतात किंवा थेट विकत घेतात. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. जमीनमालकाला हा व्यवहार चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाडेपट्टा म्हणजे संपादन नव्हे, त्यामुळे त्या शेतावर मजुरी करणारी बाई बाधित ठरतच नाही.

शिवाय सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही होत नाही. जैतापूरला लोकांचे ऐकले नाही असे आपण म्हणतो, पण निदान म्हणणे नोंदवण्याची एक कायदेशीर जागा होती. इथे ती जागाच नाही. जनमत काय आहे ते फोनवरच्या पाहणीतून कळणार, आणि ज्याच्या गावात कुंपण पडले त्याला कोणी विचारणार नाही.

सरकारी जमीन वापरली जाते तेव्हा जास्त सावध राहावे लागते. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरान जमिनी कसायला घेतल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. तरी कागद पुरा न झालेली कुटुंबे आजही आहेत. नकाशावर ती जमीन 'शासकीय, मोकळी' अशीच दिसते, आणि प्रकल्पासाठी जागा शोधणारा अधिकारी नकाशाच बघतो.

छपराचे काम

मग आठ आणि दोनमधले अंतर कमी करणारे काही आहे का? मला तरी छपरावरची वीज त्यातल्या त्यात हाताशी वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजनेला मंजुरी दिली. एक कोटी घरे, ७५ हजार कोटींहून अधिक खर्च, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅटला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्यानेही वरून अनुदान देऊ केले आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींचा वेगळा विचार आहे.

आपल्या वाड्यांतल्या अडचणीही माहीत असाव्यात. वीजजोडणी आजोबांच्या नावावर, घर चार भावांचे सामाईक, दोन भाऊ मुंबईला, छप्पर कौलाचे आणि त्यावर माडाची सावली. कोकणात चार महिने आभाळ भरलेले असते आणि खारा वारा लोखंडी सांगाडा खातो. मांडवीसारख्या किनाऱ्यावर तर गंज लागायला दोन पावसाळे पुरतात. गाव शाखा आणि मुंबई शाखा मिळून विहाराच्या बांधकामाला वर्गणी काढतात, तशाच बैठकीत जोडण्या नावावर करण्याचा आणि संमतीपत्रांचा विषय घेतला तर बरेच काम हलेल. सुरुवात विहाराच्याच स्लॅबवर करायला हरकत नाही.

कामाच्या बाजूने पाहिले तर दोन दारे आहेत. केंद्राच्या सूर्यमित्र कार्यक्रमात आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना सुमारे ६०० तासांचे मोफत प्रशिक्षण मिळते. त्यानंतर ठेकेदाराकडे रोजावर जाता येते किंवा चार-पाच जणांनी मिळून स्वतःचा ठेका घेता येतो. २०२५ पर्यंत चाललेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींतल्या उद्योजकांना १० लाखांपासून कर्जाची तरतूद होती, बँकेच्या दारात ते किती सहज मिळत होते हे ज्याने अर्ज केला त्याला विचारावे. दुसरे दार जुनेच, महावितरणचे. २०२४ च्या जाहिरातीत विद्युत सहायकाच्या ५३४७ जागा होत्या, आरक्षणासह. पहिली तीन वर्षे मानधन, मग कायम. जानेवारी २०२३ मध्ये समांतर वीज वितरणाच्या परवान्याविरुद्ध राज्यभरातले वीज कर्मचारी संपावर गेले होते. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना तो पगारवाढीचा संप वाटला होता. खरे तर हे दुसरे दार उघडे राहावे, याचीच ती लढाई होती.

मांडवीच्या त्या गटातल्या वायरमन मुलाने सूर्यमित्रची चौकशी केली आहे आणि विद्युत सहायकाची पुढची जाहिरात कधी येते याकडेही तो डोळे लावून आहे. दोन्ही लागले तर काय करू, असे त्याने विचारले. मी म्हटले, महावितरण घे. तो हसला, म्हणाला, "ताई, तुम्ही पण आईसारखंच बोलता." मग त्याने सांगितले की गावच्या सड्यावर कोणी तरी मोजणी करून गेले, सोलरसाठी असे ऐकले आहे. तिथे त्याच्या वाडीची गुरे चरतात. येत्या ग्रामसभेआधी तो तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा काढणार आहे. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे, ते बघायला मी त्याला सांगितले आहे.